संकेतस्थळाचे दार आणि आपले अंध-अपंग बांधव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नकारच कळविला होता. मी केवळ मॅट्रिक झालेला, अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे यांत रमलेला एक निवृत्त शिक्षक. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची आणि कायदेपंडितांची भाषणे झाली आहेत. त्यांच्या पंक्तीस बसण्याचा माझा अधिकार नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात माझ्या घरी ओसरीवर एक लहानसा प्रसंग घडला आणि त्यातून माझ्याच हातून झालेली एक चूक माझ्या ध्यानात आली. ती आपणा सर्वांसमोर सांगितल्यावाचून मनास स्वस्थता वाटेना, म्हणून आज उभा राहिलो आहे. विषय संगणकाचा आहे. परंतु मला संगणकातले फारसे कळते असा समज कोणी करून घेऊ नये. जे सांगतो आहे त्यातील बरेचसे मी गेल्या काही महिन्यांत, या वयात, विद्यार्थ्याप्रमाणे शिकलो आहे.

आपल्या मंडळाचा विद्यार्थी साहाय्य निधी आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याचा अर्ज पूर्वी छापील असे. तो कार्यालयातून न्यावयाचा, भरावयाचा आणि दाखल्यांच्या नकला जोडून टपालाने पाठवावयाचा. दोन वर्षांपूर्वी आपण तो संपूर्णपणे संकेतस्थळावर नेला. कागद वाचला, टपालखर्च वाचला, मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या मुलांची सोय झाली. निर्णय चांगल्या हेतूनेच घेतलेला होता. त्या समितीचा मी सभासद आहे आणि त्या दिवशी माझाही हात वर होता.

यंदा आषाढात शेजारच्या गावातील, आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी आपल्या भावाबरोबर माझ्याकडे आली. तिला जन्मापासून दृष्टी नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात ती बी. ए. च्या पहिल्या वर्षात शिकते. तिचे वडील माझे जुने विद्यार्थी. तिचे नाव मी घेत नाही, कारण तिची तशी इच्छा आहे. निधीच्या अर्जाची ती अखेरची तारीख होती. भाऊ बाजारची कामे उरकावयास गेला आणि ती म्हणाली, "गुरुजी, मी अर्ज भरते. अडले तर विचारीन."

मी मनात समजलो की, मोबाईल आता मलाच चालवावा लागणार. मी चष्मा पुसून सरसावून बसलो. पण तसे काही झाले नाही. तिने मोबाईल हाती घेतला, काचेवरून बोट फिरवू लागली आणि बोट जेथे जाईल तेथे काय आहे ते मोबाईल बोलून सांगू लागला. तो इतका भरभर बोलत होता की मला एक शब्द उमजेना. ती मात्र सहज ऐकत होती. हवे ते सापडले की काचेवर दोनदा बोट टेकवी आणि ते उघडे. बोलता बोलता तिने मला त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एक बातमी ऐकवली आणि मैत्रिणीस निरोपही पाठविला. अडतीस वर्षे मी मुलांना वाचावयास शिकविले. परंतु डोळ्यांवाचून वाचन कसे होते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

नंतर तिने आपल्या मंडळाचे संकेतस्थळ उघडले. तेथे त्या मोबाईलची वाणी अडखळू लागली. "बटण. बटण. रिकामी चौकट. रिकामी चौकट." ही चौकट नावाची की उत्पन्नाची, हे तो सांगेना. ती मला विचारी, मी डोकावून सांगे. असे करीत आम्ही शेवटास आलो. तेथे एक चित्र होते. त्यात वेडीवाकडी, एकमेकांत गुंतलेली अक्षरे होती आणि ती ओळखून खालच्या चौकटीत लिहावयाची होती. यास कॅप्चा म्हणतात. अर्ज भरणारा मनुष्य आहे की एखादे यंत्र आहे, याची ती परीक्षा असते. तिच्या मोबाईलला ते चित्र वाचता येईना. मी वाचू लागलो, तर माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू! मी दोनदा चुकीची अक्षरे सांगितली. तिसऱ्या वेळी अक्षरे जुळली. तोवर नेमून दिलेली मुदत संपली होती आणि भरलेला सारा अर्ज पुसला गेला. म्हणजे पाहा, मनुष्य कोण हे ठरविणाऱ्या त्या परीक्षेत ती आणि मी दोघेही नापास झालो.

मी ओशाळून म्हणालो, "बाळ, असले अर्ज म्हणजे किचकटच." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "नाही गुरुजी. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज मी एकटीने भरला होता."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. परक्यांच्या दारातून ती एकटी आत गेली. आपल्या माणसांच्या दारात मात्र तिला थांबावे लागले.

त्या रात्री मी चिटणिसांना दूरध्वनी केला. त्यांनी तत्परतेने तिचा अर्ज कागदावर आणि मुदतीनंतर स्वीकारला, याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानतो. येथे हा प्रसंग संपला असता. परंतु मला झोप येईना, म्हणून निधीच्या मागील अहवालांची पाने मी चाळू लागलो. अर्ज कागदी होता तोवर अंध-अपंग विद्यार्थ्यांच्या रकान्यात दरवर्षी दोन, क्वचित तीन, अर्जांची नोंद आहे. अर्ज संकेतस्थळावर गेल्यापासूनच्या दोन्ही वर्षी त्या रकान्यात एकच शब्द आहे: 'निरंक'. त्याखाली सभासदांच्या सह्या आहेत आणि त्यात एक सही माझी आहे. मला आठवते, गेल्या वर्षीच्या सभेत कोणी सहज विचारले होते की, अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी काय? तेव्हा आम्ही अहवालाकडे बोट दाखवून सांगितले होते की, अर्जच येत नाहीत, तेव्हा गरज नसावी.

सज्जनहो, माझी चूक ती हीच. जो दारातून आत येऊ शकत नाही, त्याची मोजणी आपल्याकडे होत नाही; आणि मोजणीत तो नाही म्हणून दार सुधारण्याची गरज कोणासही भासत नाही. हे चक्र असेच फिरत राहते. मला आज मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

अशी माणसे आहेत तरी किती, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लक्ष ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. ही गणना जुनी आहे आणि तीत मोजलेले अपंगत्वाचे प्रकारही मोजके होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले आहेत. हल्ली शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मी जुन्या वळणाचा माणूस म्हणून 'अंध-अपंग' म्हणतो. कोणास उणे लेखण्याचा हेतू नाही. परंतु नाव गौरवाचे दिले आणि दार मात्र बंदच ठेवले, तर त्या गौरवाचा उपयोग काय?

आता अंध मनुष्य संगणक कसा चालवितो, हे मला समजले तसे सांगतो. संगणकात वा मोबाईलमध्ये एक वाचक बसविलेला असतो. त्यास स्क्रीन रीडर म्हणतात. हल्लीच्या मोबाईलमध्ये तो मूळचाच असतो, फक्त चालू करावा लागतो. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा वाचक आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी २००६ साली त्याचे काम आरंभिले. विकत मिळणारे वाचक सामान्य अंध मनुष्यास परवडत नसत, म्हणून त्यांनी हा सर्वांस विनामूल्य दिला. तो मराठीही वाचतो. मात्र या वाचकास डोळे नाहीत. पडद्यावर काय दिसते ते तो पाहत नाही; पानाच्या पोटात काय लिहिले आहे ते वाचतो. चित्राखाली त्याचे वर्णन लिहिलेले असेल तर तो सांगतो, नसेल तर नुसते 'चित्र' म्हणून पुढे जातो. चौकटीस 'विद्यार्थ्याचे नाव' असे आतून जोडून दिले असेल तर तसे म्हणतो, नसेल तर 'रिकामी चौकट' म्हणतो. आपल्या संकेतस्थळात नेमकी हीच उणीव होती. बांधणाऱ्याने डोळ्यांस दिसेल अशी नावे चौकटींच्या शेजारी लिहिली, परंतु ती चौकटींस जोडली नाहीत. हे काम काही तासांचे आहे, असे मला जाणकारांनी सांगितले.

हे झाले अंधांविषयी. ज्यास ऐकू येत नाही त्यास चित्रफितीतील भाषण खाली अक्षरांत लिहिलेले हवे. ज्याचे हात थरथरतात वा ज्यास बोटे नाहीत, त्यास माऊस धरता येत नाही. त्याचे सारे काम केवळ कळफलकावरून व्हावे लागते. ज्यास रंगांतील भेद कळत नाही, त्यास 'लाल चौकटी भरणे आवश्यक आहे' या सूचनेचा काही उपयोग नाही. ज्यास वाचनास वेळ लागतो, त्यास सोपी भाषा आणि पुरेशी मुदत हवी.

ज्यास अंधुक दिसते, त्याच्याविषयी मात्र मी शिक्षक या नात्याने थोडे अधिक बोलणार आहे. माझ्या शाळेतील फळा वर्षाअखेरीस पांढुरका होई. मग मुले निकामी सेलमधील काळी पूड आणि पाल्याचा रस एकत्र करून तो घोटीत आणि फळा पुन्हा काळाभोर करीत. त्या दिवशी मागच्या बाकावरील मुलांची चेहरेपट्टीच बदलून जाई, कारण त्यांना अक्षर दिसू लागे. अक्षर तेच, खडू तोच, शिक्षकही तोच. फरक केवळ पार्श्वभूमीचा. आज पुष्कळ संकेतस्थळांवर पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे असतात. दिसावयास ती मोठी नाजूक, परंतु तो पांढुरका झालेला फळाच होय. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत सामान्य आकाराच्या अक्षराची आणि पार्श्वभूमीची उजळता किमान साडेचारास एक या प्रमाणात भिन्न असावी, असे माप घालून दिले आहे. आम्ही जे पाल्याच्या रसाने करीत होतो, त्यासच त्यांनी गणितात बसविले आहे.

हे नियम काही कालपरवाचे नाहीत. जगातील संकेतस्थळांचे तांत्रिक दंडक ठरविणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम नावाची संस्था आहे. तिने १९९७ साली या कामास हात घातला आणि १९९९ साली पहिली नियमावली प्रसिद्ध केली. २०२३ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिचे सार चार गोष्टींत सांगता येते. मजकूर डोळ्यांनी वा कानांनी, कोणत्या ना कोणत्या इंद्रियाने ग्रहण करता आला पाहिजे. पान हरप्रकारे चालविता आले पाहिजे. सांगितलेले समजले पाहिजे. आणि वापरणाऱ्याचे साधन कोणतेही असो, त्यावर ते चालले पाहिजे. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही २०२१-२२ मध्ये आयएस १७८०२ या क्रमांकाने असेच मानक प्रसिद्ध केले आहे.

साधन मिळाले म्हणजे मनुष्य काय करतो, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. विदर्भातील माधानचे प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. ते दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत, सांगून लिहवीत आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथरचना केल्या. त्यांच्या बुद्धीस काही उणे नव्हते. त्यांना हवा होता तो वाचक आणि लेखनिक. असा वाचक ज्यांना लाभला नाही, अशी किती प्रज्ञा खेड्यापाड्यांत वाया गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवला? फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी १८२९ साली आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली आणि अंधांस प्रथमच स्वतःच्या बोटांनी सहज लिहितावाचता येऊ लागले. आपल्या देशातील भाषांसाठी भारती ब्रेल ही सामाईक लिपी १९५१ साली ठरली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय अंधजन मंडळाची स्थापना झाली. तरीही ब्रेलमधील पुस्तके थोडी, जाडजूड आणि महाग. आज बोलणाऱ्या मोबाईलने जगातील सारे छापील ज्ञान अंध मनुष्याच्या हाती येऊ शकते. अडचण एकच: ते ज्ञान वाचकयंत्रास वाचता येईल अशा रूपात ठेवणे आपल्या हाती आहे आणि आपण ते ठेवीत नाही.

येथे आपल्या मायमराठीचा एक विशेष प्रश्न आहे. त्या मुलीने मला आपल्या मंडळाची घटना संकेतस्थळावरून वाचून दाखविण्याचा प्रयत्न केला. ऐकू काय आले? इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, आकडे, ज्यांना आगापिछा नाही असा गोंगाट. कारण असे की, आपली घटना जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळविलेली आहे. त्या पद्धतीत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असतात. त्यांना केवळ मराठी अक्षरांचे मुखवटे चढविलेले असतात. डोळ्यांस मुखवटा दिसतो, तेव्हा आपण मराठी वाचतो. वाचकयंत्र मुखवट्याआडचे वाचते, तेव्हा त्यास गोंगाटच सापडतो. यावर युनिकोड हा उपाय आहे. त्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायमचा क्रमांक दिलेला आहे आणि १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. म्हणजे उपाय निघून तीन दशके उलटली, तरी पुष्कळ छापखान्यांत आणि कार्यालयांत मुखवटेच चालू आहेत. आपल्या जुन्या स्मरणिका तर संकेतस्थळावर पानांची छायाचित्रे काढून ठेवल्या आहेत. पूर्वजांचे लेख त्यांत आहेत, पण आंधळ्या वाचकास ते कोरे कागद आहेत.

आता कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला आणि भारताने २००७ साली त्यास मान्यता दिली. त्यास अनुसरून आपल्या संसदेने २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला. इमारतींप्रमाणेच माहिती आणि तंत्रज्ञानही सुगम असावे, असे हा कायदा सांगतो. खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत त्याने कंपन्यांबरोबर संस्था, मंडळे आणि न्यासही घातले आहेत, हे आपण ध्यानी घ्यावे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी यांच्या प्रकरणात असे ठरविले की, सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाही. आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला.

त्यानंतरचा निकाल तर मनास हलवून सोडणारा आहे. प्रज्ञा प्रसून या ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या भगिनी २०२३ साली बँकेत खाते उघडावयास गेल्या. ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून उघडा, असे तेथे सांगण्यात आले. हल्ल्यामुळे त्यांना पापण्या मिटता येत नव्हत्या. ज्या क्रौर्याने त्यांचा चेहरा हिरावला, त्याच क्रौर्यामुळे यंत्र त्यांना जिवंत मानेना! त्या न्यायालयात गेल्या. अमर जैन या अंध वकिलांनीही अशाच अडचणींबाबत स्वतंत्र याचिका केली होती. दोहोंचा निकाल ३० एप्रिल २०२५ रोजी लागला. संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. पापणी मिटण्याव्यतिरिक्त ओळखीचे अन्य मार्ग असावेत, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, संकेतस्थळांची वेळोवेळी तपासणी व्हावी आणि त्या चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे, अशी ती दिशा आहे. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, परीक्षा, रेल्वेचे तिकीट ही सारी कामे आता मोबाईलवर होत असताना, संकेतस्थळाचे दार बंद असणे म्हणजे संसाराचेच दार बंद असणे होय.

यावर काही आक्षेप माझ्या कानी आले आहेत. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, "त्यांनी कार्यालयात यावे, आम्ही अर्ज भरून देऊ." या बोलण्यातील ममतेविषयी मला शंका नाही. परंतु त्या मुलीस आपल्या घरचे उत्पन्न, आपले गुण, आपला बँकेचा खातेक्रमांक आणि मोबाईलवर आलेला गुप्त आकडा परक्यास मोठ्याने सांगावा लागतो. आपल्यापैकी कितीजण हे सांगावयास तयार होतील? शिवाय, साहाय्य घेणे निराळे आणि साहाय्यावाचून गत्यंतर नसणे निराळे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दोघातिघांसाठी एवढा व्याप कशाला? आपल्या या सभागृहाच्या दाराशी पायऱ्यांशेजारी उतार बांधला, तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता. आज त्या उतारावरून चाकांच्या खुर्च्या तर येतातच. पण आचाऱ्यांची पातेली, वाजंत्र्यांचे सामान आणि लेकरांच्या गाड्याही येतात. गुडघे धरून चालणारे माझ्यासारखे म्हातारेही मुकाट्याने तिकडूनच येतात. संकेतस्थळाचेही तसेच होईल. ठळक अक्षर, सोपी भाषा आणि पुरेशी मुदत यांचा लाभ येथे बसलेल्या प्रत्येक चष्मेवाल्यास होणार आहे. दृष्टी आणि श्रवण ही आपणांस मिळालेली उसनी दौलत आहे. म्हातारपण ती हप्त्याहप्त्याने परत घेते.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. कॅप्चा काढला तर यंत्रे खोटे अर्ज भरतील, असे म्हणतात. ही अडचण खरी आहे. परंतु मोबाईलवर वा ईमेलवर आकडा पाठवून खातरजमा करण्यासारखे मार्ग आहेत आणि आपल्या निधीस दाखल्यांची छाननी तर करावीच लागते. चोराच्या भयाने घराचे दार विटांनी चिणून टाकण्याचे कारण नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी पुढील सूचना नम्रपणे ठेवतो.

एक: निधीच्या आणि वधू-वर सूचक नोंदणीच्या अर्जांतील कॅप्चा काढावा, प्रत्येक चौकटीस नाव जोडावे, मुदत वाढवावी आणि अर्धवट भरलेला अर्ज राखून ठेवण्याची सोय करावी.

दोन: घटना, अहवाल, सूचना आणि स्मरणिका युनिकोड मजकुराच्या रूपात संकेतस्थळावर ठेवाव्यात. आरंभ यंदाच्या स्मरणिकेपासून व्हावा.

तीन: व्हॉट्सॲपच्या समूहांवर आपण सभेची, विवाहाची, निधनाची वार्ता रंगीत फलकाच्या चित्रातून पाठवितो. अंध सभासदास ते नुसते 'चित्र' असते. चुलत्याच्या निधनाची वार्ता आमच्या एका अंध बांधवास तिसऱ्या दिवशी कळली, ती याच कारणाने. चित्राखाली तोच मजकूर टंकून पाठवावा. यास एक पैसाही लागत नाही; हे आजपासून व्हावे.

चार: सुधारलेले संकेतस्थळ अंध-अपंग बांधवांकडूनच तपासून घ्यावे आणि त्या कामाचे त्यांना योग्य मानधन द्यावे. माझ्या ओसरीवर बसलेल्या त्या मुलीस मी विचारून ठेवले आहे. ती परीक्षक व्हावयास तयार आहे. मात्र गुण देण्यात आपण कडक आहोत, असे तिने सांगितले आहे!

पाच: कागदी अर्जाची वाट बंद करू नये. ज्यास मोबाईलच नाही त्याचेही ते मंडळ आहे.

सहा, आणि ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: यापुढे कोणत्याही अहवालात 'निरंक' असे लिहिण्यापूर्वी समितीने शाखाशाखांतून चौकशी करावी आणि अर्ज का आला नाही हे लिहावे. मी स्वतः पुढील वर्षी ते केल्यावाचून सही करणार नाही.

आपल्या पूर्वसूरींनी हे मंडळ कशासाठी स्थापिले? गावाकडचा मुलगा शिकावयास शहरात आला, तर त्यास अंथरूण टाकावयास जागा मिळावी, दोन घास मिळावेत आणि दार ठोठावल्यास ते उघडणारे आपले कोणी असावे, एवढ्याचसाठी. त्यांच्यापाशी धन नव्हते, इमारत नव्हती. परंतु कोण दाराबाहेर उभा आहे, हे ते उठून पाहत असत. आज आपल्यापाशी इमारत आहे, निधी आहे, संकेतस्थळ आहे. उठून पाहण्याची ती सवय मात्र मोडता कामा नये.

या कामाचा आरंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार एक रुपये मी खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहे. रक्कम अल्प आहे. माझ्या त्या दोन सह्यांचे प्रायश्चित्त समजून ती स्वीकारावी.